वाढप्याचा हात

आमच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीयंत्राला आम्ही मामलेदार म्हणायचो. नमुना आत सरकवायचा, झाकण लावायचं आणि बाहेर बसून राहायचं. थोड्या वेळाने पडद्यावर निकाल यायचा, 'ग्राह्य' किंवा 'बाद'. का, कशावरून, असं विचारायची सोय नव्हती, आणि गरजही पडत नसे, कारण तो चुकत नसे. त्या सोमवारी त्याने वाढपी-नऊ बाद ठरवला तेव्हा मी आधी त्याच्यावरच विश्वास ठेवला. मग खुर्चीत बसून राहिले, कारण उठून करायचं काय ते सुचेना.

वाढपी-नऊ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं.

आपल्या अंगातली प्रत्येक पेशी सतत कचरा काढत असते. जुनी झालेली, वाकडी घडी पडलेली प्रथिनं तिला बाजूला करावी लागतात. त्यासाठी ती त्यांच्यावर युबिक्विटिन नावाचं एक चिमुकलं प्रथिन चिकटवते. ज्याच्या अंगाला ते चिकटलं, त्याला पेशीतली यंत्रणा ओढून नेते आणि त्याचा भुगा करते. हे चिकटवण्याचं काम तीन विकरं मिळून करतात. नव्या मुलांना शिकवताना मी पंगतीचं उदाहरण देते. पहिला स्वयंपाकघरात बादली भरून देतो. दुसरा, म्हणजे वाढपी, ती बादली घेऊन पंगतीतून फिरतो. तिसरा यजमान. तो नुसतं बोट दाखवतो, "इकडे वाढा."

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी हा दुसरा बनवायची. माणसाचं जनुक जिवाणूंमध्ये घालायचं, जिवाणूंना टाक्यांमधून वाढवायचं, फोडायचं, आणि त्या गढूळ रश्श्यातून आपला वाढपी गाळून शुद्ध करायचा. बाटलीवर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, 'फक्त संशोधनासाठी. माणसाला देऊ नये.' देशोदेशीचे संशोधक त्या बाटल्या मागवायचे, आणि त्या तपासून पाठवणारी मी, त्रिशला खोत, गुणवत्ता चाचणीची प्रमुख, दुपारी निवांत डबा खायची. कुणाचं जगणंमरणं आमच्या हातात नव्हतं.

वाढपी-नऊने ते बदललं. हा पहिला वाढपी, ज्याच्या बाटलीवर ती ओळ नसणार होती. त्याची घडण मुद्दाम बदललेली होती. शरीरातल्या शेकडो यजमानांपैकी एकाचंही तो ऐकत नसे. त्याच्या जोडीला बनवलेल्या एकाच नव्या यजमानाचं तो ऐके, आणि तो यजमान लहान मेंदूत साठणाऱ्या एकाच नासक्या प्रथिनाकडे बोट दाखवी. दोघांना चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून पाठीच्या कण्यातून आत सोडायचं. बाकी कुणाला धक्का न लावता तो एकच कचरा उचलला जाणार होता.

त्या प्रथिनामुळे माणसाचा तोल जातो. आधी चाल फेंगडी होते, मग हात नेम चुकवतात, मग जीभ जड होते. डॉक्टर त्याला अ‍ॅटॅक्सिया म्हणतात. आमच्या घरात त्याला 'आप्पांचं चालणं' म्हणत. आप्पा, आमचे वडील, त्यातच गेले. आईबापांपैकी एकाला असलं की मुलाला यायची शक्यता निम्मी. मी तपासणी करून घेतली, माझ्यात ते नव्हतं. माझा धाकटा भाऊ भरतेश, त्याच्यात होतं.

भरतेश कबड्डीच्या स्पर्धांचं समालोचन करायचा. सांगली, कोल्हापूर, पार निपाणीपर्यंत कुठेही मैदान आखलं की संयोजक आधी भरतेश मगदूमला फोन लावत. चढाई करणारा हलण्याआधी याची जीभ हलायची. आता तीच जीभ अडखळू लागली होती. मिरजेच्या बाजारात तो वाकडातिकडा चालत गेला की लोक नाक मुरडून बाजूला होत. जैन श्रावकाचं पोर भरदुपारी पिऊन हिंडतंय, असं एक म्हातारा त्याच्या तोंडावर म्हणाला होता. माझ्या भावाने आयुष्यात कांदा खाल्लेला नाही.

वाढपी-नऊच्या माणसांवरच्या चाचणीसाठी निवडलेल्या रुग्णांत भरतेशचं नाव नुकतंच लागलं होतं. मिरजेच्या रुग्णालयाने एक अट मात्र घातली होती. औषध देण्याच्या आदल्या दिवशी रुग्ण आधाराशिवाय ठरलेलं अंतर चालला पाहिजे. त्याहून बिघडलेल्या मेंदूत वाचवण्यासारख्या पेशी उरत नाहीत, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. भरतेश कसाबसा त्या रेषेच्या अलीकडे होता. ही खेप फेकून दुसरी बनवायची तर पावसाळा संपला असता, आणि तोवर तो पलीकडे गेला असता.

म्हणून मी खुर्चीत बसून राहिले होते.

माझा एक जुना हट्ट होता. कुठलीही खेप ओतून देण्याआधी ती एकदा माणसाने हाताने तपासायची. आमचे संचालक साठ्ये सर याला 'त्रिशलाबाईंचं सोवळं' म्हणत, पण करू देत. त्याप्रमाणे वाढपी-नऊची हातची चाचणी नाझनीन मुजावरकडे दिली. नाझनीन माझी सहायक, हाताची अतिशय स्वच्छ, आणि त्या वेळी तिला तिसरा महिना लागलेला.

इथे मला एका बाटलीबद्दल सांगायला हवं. चाचणीआधी प्रथिनांच्या नमुन्यात एक निळा रंग मिसळतात आणि त्या रंगात मर्कॅप्टोइथेनॉल नावाचं रसायन असतं. त्याला नासक्या अंड्यांचा आणि तुंबलेल्या गटाराचा मिळून एक वास येतो. आमच्या नाकांनी त्याच्याशी कधीच जुळवून घेतलं होतं. नाझनीनला दिवस गेल्यापासून मात्र बूच उघडलं की ती ओढणी तोंडाला लावून मोरीकडे पळायची. मी फर्मान काढलं, की ही सावरेपर्यंत ती बाटली या खोलीत उघडायची नाही. हातच्या चाचण्या बिनवासाच्या रंगाने करा, रेघा थोड्या फिसकटल्या तर फिसकटू देत. मामलेदाराची टाकी बंदिस्त होती, त्याला हे फर्मान लागू नव्हतं.

चाचणी तशी सोपी असते. जेलीच्या पातळ पाटीवर विजेच्या ओढीने प्रथिनं धावतात, हलकी पुढे जातात, जड मागे रेंगाळतात, आणि प्रत्येकाची एक रेघ उमटते. नाझनीनने पाटी दिव्यावर धरली आणि मला हाक मारली.

"मॅडम, दोन रेघा आल्यात."

"एकच यायला हवी. बाद वाढप्याची एकच येते. काय मिसळलंस?"

"काहीच नाही. परत करू का?"

"हात धुऊन कर."

"धुतले होते की, मॅडम," ती जरा लागून म्हणाली. माझी जीभ अशीच आहे.

तिने परत केली. परत दोन रेघा. एक वाढप्याची आणि तिच्या किंचित मागे दुसरी. दुसरीचं वजन मोजलं तर ते वाढपी अधिक एक युबिक्विटिन, इतकं नेमकं भरलं. म्हणजे वाढप्याच्या हातात बादली होती. बाद ठरलेला वाढपी कामावर हजर होता.

मी वासाची बाटली उचलली, बाहेर व्हरांड्यात गेले, त्याच नमुन्याचे दोन भाग केले आणि एकातच तो रंग घातला. दोन्ही एका पाटीवरच्या शेजारशेजारच्या घरांत धावले. बिनवासाच्या घरात दोन रेघा आल्या, वासाच्या घरात एक. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

वाढपी युबिक्विटिनला धरतो तो गंधकाच्या एका नाजूक बंधाने. मर्कॅप्टोइथेनॉलचं कामच मुळी असे बंध तोडायचं. आम्ही आधी वाढप्याच्या हातावर फटका मारत होतो, बादली खाली पडली की विचारत होतो, तुझ्या हातात काय होतं? इतकी वर्षं हे खपून गेलं, कारण जुने वाढपी आम्ही यजमानासकट तपासायचो. एकदा पानात वाढलेलं युबिक्विटिन पक्कं चिकटतं, त्याला तो वास काही करू शकत नाही. वाढपी-नऊ आमच्या नेहमीच्या यजमानाचं ऐकतच नव्हता, तेच तर त्याचं वैशिष्ट्य, आणि त्याचा नवा यजमान आमच्याकडे बनत नव्हता. मग मामलेदाराने नियमाप्रमाणे नुसता हात तपासला, नेहमीच्याच रंगाने, आणि हात रिकामा सापडला. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात लिहिलेली असते. आमच्यातल्या एकालाही ती आठवली नाही, कारण रंग म्हणजे तो वासाचाच, हे आम्ही गृहीत धरून चाललो होतो.

नाझनीन हसायला लागली. "म्हणजे माझ्या ओकाऱ्यांनी खेप वाचवली म्हणायची." मी तिला मिठीच मारली. मग मला भीती वाटली.

मला ती रेघ दिसली, की मला ती दिसायला हवी होती म्हणून दिसली? मी पाटी पुन्हा दिव्यावर धरली. रेघ तिथेच होती. पण मी भरतेशची बहीण होते, आणि मामलेदाराच्या निकालावर काट मारायचा अधिकार कंपनीत माझ्या एकटीच्या सहीला होता. साठ्ये सर खुशीत होते. "सही करा त्रिशलाबाई, आज खेप निघते," असं ते म्हणाले. भरतेश मगदूम माझा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मी लग्नानंतर खोत झालेली, आणि आमच्या भागात मगदूम गल्लोगल्ली सापडतात. मी उद्या करते म्हणाले आणि संध्याकाळी मिरजेला गेले.

भरतेश कट्ट्यावर बसला होता. त्याची बायको स्नेहल आत शेंगा निवडत होती. मी सगळं सांगितलं, वासासकट. तो पोट धरून हसला. मग मी म्हणाले, "उद्या मी साठ्ये सरांना सांगणार, तू माझा भाऊ आहेस म्हणून. मग मला सही करता येणार नाही. खेप बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला जाईल. उशीर होईल."

"किती?" स्नेहलने दारातून विचारलं.

"महिना. दीडसुद्धा."

"तेवढ्यात यांचं चालणं राहील?"

स्नेहल कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "अक्का, तुम्हाला स्वतःला खात्री हाय का नाही, की ते औषध चांगलं हाय?"

"आहे."

"मग सही करायला काय होतंय? तुमचं बरं हाय. तुमच्यात ते नाहीच."

हे वाक्य आमच्या घरात इतकी वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं. मी तपासणीचा कागद घेऊन आले त्या दिवसापासून ते आमच्या मध्ये होतं, सणावाराला, जेवताना, राखी बांधताना. मला राग आला नाही, कारण ते खरं होतं. मला रडू मात्र आलं आणि मी ते लपवलं नाही. स्नेहलही शेंगांची पाटी तशीच टाकून माझ्याशेजारी येऊन बसली.

भरतेश एकेक शब्द ढकलत बोलला. "माझ्यासंगट आणखी किती जण हायत त्या यादीत?"

"बरेच आहेत."

"आणि उद्या कुणी म्हटलं, बहिणीनं भावासाठी बाद माल पास केला, तर?"

"तर चाचणी थांबेल. सगळ्यांचीच."

"मग सांगून टाक की. मैदानावर पंचाचा भाऊ खेळायला उतरला की पंच शिट्टी दुसऱ्याकडे देतो. तासगावला तसं केलं नाही तर मारामारी झाली, डोकी फुटली. मी वर माइकवर होतो, खुर्ची मलापण लागली." त्याने स्नेहलकडे पाहिलं. "चालायचं मी बघतो. तेवढं माझ्याकडं सोडा."

दुसऱ्या दिवशी मी साठ्ये सरांना सांगितलं. ते आधी चिडले आणि शेवटी म्हणाले, "मला हे आज कळलं ते बरं. नंतर कळलं असतं तर फार वाईट झालं असतं." माझ्याकडून वाढपी-नऊ काढून घेतला गेला. पाटी, वासाची चाचणी, बिनवासाची चाचणी, सगळं नाझनीनने पुन्हा केलं आणि स्वतःच्या नावाने लिहिलं. नाव-गाव काढून टाकलेले नमुने हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत गेले. कुठला नमुना जिवंत, कुठला मुद्दाम मारलेला, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मी माझ्या टेबलाशी बसून जुन्या वाढप्यांच्या बाटल्यांवर लेबलं बरोबर लागलीत का ते पाहत होते.

भरतेशने चालण्याचा सराव मैदानावर सुरू केला. घरात कोपरे लागतात, मैदानावर पडलं तरी माती असते, हा त्याचा हिशोब. मी कामावरून परस्पर तिकडे जायची. तो पडायचा, उठायचा, आणि त्यातच एक गोष्ट आमच्या लक्षात आली. मी शेजारून बोलत राहिले की त्याची पावलं भरकटत, पण तो स्वतः मोठ्याने बोलत चालला की पावलं बोलण्याच्या ठेक्यात पडत. रुग्णालयातल्या डॉक्टर कुंटेबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लहान मेंदू ठेका चुकवायला लागला की बाहेरचा ठेका कधीकधी त्याला सावरून घेतो, हे खरं आहे. करू द्या.

हैदराबादचा अहवाल अपेक्षेपेक्षा लवकर आला. नाझनीनचा शब्दन्‌शब्द खरा निघाला होता. मामलेदाराच्या टाकीतला रंग बदलण्यात आला आणि खेप रवाना झाली.

चालण्याच्या परीक्षेला रुग्णालयाच्या लांब बोळात दोन्हीकडे भिंतीला टेकून लोक उभे होते. कुंटेबाई घड्याळ घेऊन पलीकडच्या टोकाला. स्नेहलने माझं मनगट धरलं होतं. भरतेश रेघेवर उभा राहिला आणि त्याने विचारलं, "बोलत चाललं तर चालतंय का?"

"आधार घ्यायचा नाही," कुंटेबाई म्हणाल्या, "बोलायला मनाई नाही."

मग माझ्या भावाने चढाई सुरू केली. "आणि मैदानात उतरलाय... मिरजेचा मगदूम... सावध पाऊल... उजवीकडं झुकला, सावरला... समोर कुंटेबाई, एकट्याच बचावाला..." जीभ जड होती, शब्द एकमेकांवर आदळत होते, पण पाऊल पडत होतं. मध्यावर तो डावीकडे इतका कलला की स्नेहलने डोळे मिटून घेतले. "...मगदूम अडचणीत... मगदूम अडचणीत... पाय मागं घेतला, सुटला!" बाकड्यावरचे दोन म्हातारे उठून उभे राहिले होते. एका परिचारिकेने ट्रॉली भिंतीला लावून टाकली. "...रेषा समोर... आणि मगदूमनं रेषा ओलांडली, कुंटेबाई बाद!"

बोळात टाळ्या वाजल्या. कुंटेबाईंनी घड्याळ थांबवलं, हसू दाबलं आणि कागदावर 'आधाराशिवाय' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला औषध दिलं गेलं.

पुढे काही अद्भुत घडलं नाही, हे सांगायला हवं. भरतेश उठून पळायला लागला नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे मी त्याला आधीच बजावून ठेवलं होतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. नाझनीनला मुलगी झाली आणि ती रजेवर गेली. उन्हाळ्यात कुंटेबाईंनी भरतेशला मोठ्या तपासणीला बोलावलं. चालणं, नाकाला बोट लावणं, कठीण शब्द म्हणणं, डोळ्यांची हालचाल, पाठीच्या कण्यातल्या पाण्यातलं त्या प्रथिनाचं प्रमाण. आम्ही तिघं त्यांच्या टेबलासमोर बसलो होतो.

त्यांनी गेल्या वर्षीचा तक्ता आणि या वर्षीचा तक्ता शेजारी ठेवला. "प्रथिन खूप उतरलंय. पण बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. काहीच फरक नाही."

स्नेहलचा चेहरा पडला. "काहीच नाही?" ती म्हणाली. "एवढं करून?"

मी त्या तक्त्यांकडे पाहत होते. आप्पांचे असे तक्ते मी पाहिले होते, दर वर्षी एक, आणि प्रत्येक तक्ता आधीच्यापेक्षा खाली. भरतेशचेही तसेच. दोन वर्षांचे आकडे सारखे, असं आमच्या घराण्यात कुणाच्या बाबतीत झालेलं नव्हतं. मी स्नेहलला ते बोट ठेवून दाखवलं. "गेल्या वर्षी इथे होता. या वर्षी इथे असायला हवा होता, पार खाली. तो उतरलाच नाही, स्नेहल. तो थांबला."

तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर तिने पदर तोंडात कोंबला आणि कुंटेबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

भरतेश तक्ता उलटासुलटा करून पाहत होता. "अक्का, म्हणजे पुढल्या वर्षीपण मी असाच असणार?"

"बहुतेक. खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. पण बहुतेक असाच."

"असाच," तो म्हणाला. "असाच चालणार, असाच बोलणार."

"हो."

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला आणि खिशातून फोन काढला. नंबर लावायला त्याला तीन वेळा बोट हलवावं लागलं, पण त्याने कुणाच्या हातात फोन दिला नाही. पलीकडे कवठ्याच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष होता. आजार कळल्यापासून भरतेश आठ दिवसांपलीकडचा शब्द कुणालाही देत नव्हता. कुणी बोलवायला आलं की म्हणायचा, त्या वेळी बघू.

"मगदूम बोलतोय," तो म्हणाला. "नाही, नाही, पिऊन नाही रे, आजारानं अडखळतंय, लोकांना आधीच सांगून टाक. जरा सावकाश बोलीन. पुढल्या वर्षीची तुमची स्पर्धा कधी हाय? मग माझं नाव घाल." तो क्षणभर ऐकत राहिला. "हो, पुढल्या वर्षीचीच म्हणतोय. येतो मी."